दीडपट परत देतो असं लिहू नका

या महिन्यात जवळपास सगळी पत्रं एकाच विषयावर आलीत, सिनेमासाठी लोकांकडून पैसे कसे घ्यायचे आणि घेतल्यावर सांभाळायचे कसे. साहजिक आहे म्हणा. नागपुरात हल्ली कॅमेरा भाड्याने मिळतो, पोरं घरच्या घरी एडिटिंग करतात, झाडीपट्टीच्या नाटकांत रात्र रात्र उभे राहून तयार झालेले नट आहेत, अडतं ते पैशापाशी. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हेच घेतलेत.

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांचा, त्रिमूर्ती नगरात राहतो. शॉर्टफिल्म केल्यात, आता मोठा सिनेमा करायचाय, बजेट ६५ लाख. बाबांचे बँकेतले मित्र, मावसभाऊ, जिममधले दोघं, कळमना मार्केटमधले एक संत्र्याचे व्यापारी असे १४ जण तोंडी हो म्हणालेत. बाकीच्या पैशासाठी मी व्हॉट्सॲप स्टेटसला आणि फेसबुकवर टाकलं की विदर्भाचा आपला सिनेमा, किमान ५० हजार गुंतवा, १८ महिन्यांत दीडपट परत. रिस्पॉन्स मस्त आहे, चार जणांनी तर यूपीआय पण केलं माझ्या नंबरवर. असंच चालू ठेवू की कंपनी काढावी लागेल?

उत्तर : भाऊ, आधी ती पोस्ट डिलीट कर आणि मग पुढचं वाच. तुझी नियत साफ आहे हे पत्रावरून कळतं, पण कायद्याला नियत दिसत नाही, त्याला एवढंच दिसतं की एका माणसाने ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना अमुक मुदतीत अमुक पैसे परत देतो म्हणून सांगितलं आणि पैसे घेतले. याला ठेवी गोळा करणं म्हणतात. त्यासाठी २०१९ चा अनियंत्रित ठेवींवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा आहे आणि त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या राज्याचा १९९९ चा ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा आहे, ज्याला पोलीस आणि पेपरवाले एमपीआयडी म्हणतात. २०१९ च्या कायद्यात तर पैसे घ्यायच्याही आधी, नुसतं असं आवाहन केलं तरी १ ते ५ वर्षं कैद आणि २ ते १० लाख दंड आहे. घेतले तर त्याहून जास्त. सिनेमा आपटला आणि त्या चारांतला एक जण जरी चौकीत गेला तर तुझा ‘दीडपट’वाला स्क्रीनशॉट त्याच्या मोबाइलमध्ये असणारच. तेव्हा त्या चारही जणांचे पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात आजच परत पाठव, रिमार्कमध्ये परत असं लिही, आणि पुरावा सांभाळून ठेव.

आता कंपनीचं. तीन रस्ते आहेत आणि माझं मत तुला मधल्याचं आहे. पहिला म्हणजे साधी भागीदारी फर्म, १९३२ च्या कायद्याची, स्वस्तात होते पण तिथे फर्मचं देणं भागीदाराच्या घरादारापर्यंत येऊ शकतं, बाबांच्या मित्रांना हे समजावून सांग बघू, दुसऱ्या दिवशी फोन उचलणार नाहीत. तिसरा रस्ता प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा. त्यात शेअर देऊन पैसे घेता येतात पण जाहिरात करून नाही, नावानिशी ऑफरचं पत्र द्यावं लागतं, वर्षाला २०० माणसांच्या वर जाता येत नाही, पैसे त्या माणसाच्या स्वतःच्या बँक खात्यातूनच यावे लागतात, वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ६० दिवसांत शेअर दिले नाहीत तर पुढच्या १५ दिवसांत परत, नाहीतर १२ टक्के व्याजाने. मोठ्या सिनेमाला हे ठीक आहे. १५-२० माणसांच्या सिनेमाला मला मधला रस्ता, म्हणजे एलएलपी, मर्यादित जबाबदारीची भागीदारी, बरी वाटते. देणाऱ्याची जबाबदारी त्याने घातलेल्या पैशापुरती राहते, भागीदाराचं भांडवल हे ठेव धरलं जात नाही, आणि नफा कसा वाटायचा ते आपण करारात आपल्याला हवं तसं लिहू शकतो. मात्र भागीदार म्हणजे खरा भागीदार, त्याला हिशोब बघायचा हक्क असतो, सही करून घेतली आणि विसरलो असं चालत नाही. भांडवल २५ लाखांच्या वर गेलं की ऑडिट सक्तीचं, आणि सिनेमा झाला नाही झाला तरी ३० मे आणि ३० ऑक्टोबर या दोन तारखांचे फॉर्म दरवर्षी भरावे लागतात. सीएची फी बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धर, ती कुणीच धरत नाही.

आणि एक गोष्ट जी तुझ्या पत्रात कुठेच नाही. स्क्रिप्ट कुणाच्या नावावर आहे? तुझ्या, बरोबर? मग लोक पैसे एलएलपीत घालतील आणि गोष्ट राहील तुझ्या घरी. स्क्रिप्टचे हक्क लेखी करार करून एलएलपीला दे, आणि त्या करारात मुदत आणि देश दोन्ही लिही, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सोय अशी आहे की मुदत लिहिली नाही तर ५ वर्षंच धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. उद्या ओटीटीवाल्याने जगभरचे हक्क मागितले की त्यांचा वकील पहिला हाच कागद मागतो. संगीतकार, गीतकार, संवाद लिहिणारा मित्र, सगळ्यांचं असंच. मित्र आहे म्हणून कागद केला नाही असं सांगणाऱ्यांचे सिनेमे हार्डडिस्कमध्ये पडून आहेत.

परताव्याचं म्हणशील तर लोकांना खरं तेच सांग, की पैसे बुडू शकतात. पूर्ण बुडू शकतात. हे वाक्य करारात ठळक टाक आणि तोंडाने पण बोल. ते ऐकून १४ पैकी सहा गळाले तर बरंच झालं, ते सहा जण तुला नंतर नकोच होते.

प्रश्न : माझं इतवारीत कापडाचं दुकान आहे. भाचा सिनेमा काढतोय, बजेट ८० लाख म्हणतो. मला म्हणाला मामा १० लाख टाका, तुम्हाला २५ टक्के शेअर देतो. घरचा पोरगा आहे, हुशार आहे, पैसे बुडाले तरी मी मरत नाही, पण धंद्याचा माणूस आहे म्हणून विचारतो, हा सौदा बरोबर आहे का?

उत्तर : काका, तुम्ही भाच्याला एकच प्रश्न विचारा, २५ टक्के कशाचे? दुकानात एखादा येऊन म्हणाला की २५ टक्के देतो तर तुम्ही विक्रीचे का नफ्याचे हे विचारल्याशिवाय चहासुद्धा पाजणार नाही, सिनेमा म्हटला की शहाणी माणसं पण का कोण जाणे विचारत नाहीत.

आधी भाच्याचंच गणित करू. १० लाखाला २५ टक्के, म्हणजे ४० लाखात १०० टक्के संपले. सिनेमा ८० लाखांचा. याच भावाने तो सगळ्यांना देत गेला तर सिनेमा २०० टक्के विकला जाईल. तो लबाड आहे असं मी म्हणत नाही, बहुतेक वेळा दिग्दर्शक पोरं समोरचा माणूस बघून टक्के बोलतात, मामाला २५, मित्राला १०, आणि बेरीज कुणीच मारत नाही.

आता तिकिटाचं बघा. समजा १५० रुपयांचं तिकीट आहे. १०० च्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, तो आत धरलेला असतो, म्हणजे २३ रुपये सरकारचे, उरले १२७. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं मोठं भांडण होऊन हिंदी सिनेमे महिना-दोन महिने लागलेच नव्हते, त्यातून पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला साडेबेचाळीस, तिसऱ्याला साडेसदतीस आणि पुढे ३० असा निर्मात्याच्या बाजूचा हिस्सा ठरला आणि अजूनही बोलणी तिथूनच सुरू होते. तर पहिल्या आठवड्यात तुमच्या बाजूला आले साडेत्रेसष्ट. त्यातून वितरकाचं कमिशन, १५ टक्के धरू, ते गेलं की राहिले ५४ रुपये. दुसऱ्या आठवड्यात त्याच तिकिटाचे ४६. डिजिटल प्रोजेक्शनचा खर्च निर्मात्याच्या गळ्यात असतो तो अजून मी धरलाच नाही. ८० लाखांचा सिनेमा आणि पोस्टर, ट्रेलर, जाहिरात, प्रमोशनची गाडी असं सगळं मिळून अजून २० लाख धरले, तर १ कोटी वसूल व्हायला पहिल्याच आठवड्यात १ लाख ८५ हजार तिकिटं विकली पाहिजेत. ३०० खुर्च्यांचं थिएटर पूर्ण भरलं असे ६१७ शो. आणि ते झालं की काका, तुमचा नफा शून्य, फक्त मुद्दल परत. सॅटेलाइट म्हणजे टीव्हीचे हक्क, ओटीटी, ऑडिओ यातून मधे काही आलं तर हा आकडा खाली येतो, पण त्यांचा सौदा हातात सही होऊन येत नाही तोवर तो वहीत धरू नका.

मग टक्के कसे ठरवायचे, तर मी जो प्रकार सुचवते तो असा. जे काही पैसे येतील त्यातून पहिले रिलीजचा खर्च फिटणार. मग गुंतवणूकदारांचं मुद्दल, ज्याने जेवढे घातले त्या प्रमाणात सगळ्यांना एकाच वेळी, मामाला आधी आणि मित्राला नंतर असं नाही. हे पूर्ण फिटेपर्यंत दिग्दर्शकाने नफ्यातला एक रुपया घ्यायचा नाही, त्याची ठरलेली फी बजेटमध्ये असते तेवढी घेतली की बास. मुद्दल फिटल्यावर जे उरेल त्याचे दोन भाग, अर्धा पैसे लावणाऱ्यांचा, अर्धा सिनेमा करणाऱ्यांचा. तुमचे १० लाख म्हणजे ८० मधले साडेबारा टक्के, तर नफ्यातला तुमचा वाटा सव्वासहा टक्के. २५ पुढे हा आकडा केविलवाणा दिसतो पण हा खरा आहे. मुद्दलावर २० टक्के जास्त मिळाल्यावरच वाटणी सुरू करायची असंही काही जण ठरवतात, तुम्ही मागून बघा, भाचा आहे, ऐकेल.

आणखी तीन-चार गोष्टी लगे हात विचारून घ्या. सिनेमाला कर्ज घेतलंय का, कारण सावकार किंवा बँक तुमच्या आधी उभी राहते. तो कंपनी काढतोय का एलएलपी, एलएलपी असेल तर कर तीच भरते आणि नफ्याचा वाटा तुमच्या हातात करमुक्त येतो, पण तिचा तोटा तुम्हाला कापडाच्या नफ्यातून वजा करता येत नाही. सिनेमा ८० वरून ९५ लाखांवर गेला तर वरचे १५ कोण आणणार आणि त्याने तुमचा वाटा कमी होणार का. आणि पैसे चेकने किंवा ऑनलाइनच द्या, इतवारीत रोखीची सवय असते म्हणून मुद्दाम लिहितेय, उसने म्हणून दिले तर २० हजार किंवा त्यावर रोखीत घेताच येत नाहीत, आणि कुठल्याही नावाने एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जेवढे घेतले तेवढाच दंड, तो भाच्याला बसेल.

प्रश्न : ताई, ७० लाख हवेत, ३२ आलेत. हिरोच्या तारखा डिसेंबरच्या आहेत. शूटिंग सुरू केलं की फुटेज बघून बाकीचे पैसे येतीलच असं सगळे म्हणतात. करू का? — महालमधली एक वाचक

उत्तर : सगळे म्हणजे कोण, ते पैसे देणार आहेत का? अर्धं घर विकता येतं, कुणी पडवी तरी वापरेल, पण अर्ध्या सिनेमाचं काहीच होत नाही. ३२ लाख आज बँकेत आहेत तोवर ते ३२ लाख आहेत, शूटिंगमध्ये गेले की मग ते फक्त फुटेज.

करारात एक किमान रक्कम लिहायची असते, की इतके जमेपर्यंत या खात्याला कुणी हात लावणार नाही आणि अमुक तारखेपर्यंत जमले नाहीत तर सगळ्यांचे परत. तुझ्या बाबतीत ती रक्कम म्हणजे शूटिंग, एडिटिंग, डबिंग, साउंड, डीआय म्हणजे चित्राचे रंग नीट करणं, आणि सेन्सॉरचं सर्टिफिकेट इथपर्यंतचा पूर्ण खर्च आणि वर १० टक्के अडीअडचणीचे. पोस्ट-प्रॉडक्शनचे पैसे शूटिंगला कधीच वापरायचे नाहीत. शक्य असेल तर दोन खाती कर आणि दुसऱ्या खात्याला एका गुंतवणूकदाराची पण सही लागेल असं बँकेत लिहून दे.

आणि डिसेंबर? नागपुरात? बाई, हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा. आमदार, अधिकारी, पोलीस, मोर्चे, सगळे इथे, हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत, इनोव्हा तर सोडच, आणि सिव्हिल लाइन्सकडे बंदोबस्तामुळे रस्त्यावर कॅमेरा लावायची परवानगी मागायला गेलीस तर समोरचा तुझ्याकडे बघत राहील. मुंबईहून ३० जणांचं युनिट त्या दोन-तीन आठवड्यांत आणलंस तर राहण्याचाच खर्च बजेट खाईल. जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखा मागून बघ. मे मात्र नको, ४५ डिग्रीत दुपारी १२ ते ४ कुणी उभं राहत नाही म्हणजे चार तासांचं जनरेटरचं आणि जेवणाचं भाडं फुकट.

प्रश्न : मी प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून पहिल्यांदाच काम करतोय. गुंतवणूकदार ११ आहेत आणि रोज कुणीतरी फोन करून किती खर्च झाला विचारतं. सेटवर रोख पैसा खूप लागतो, हिशोब कसा ठेवू?

उत्तर : रोज कुणाला काही सांगू नकोस. दर सोमवारी सगळ्यांना एकच कागद जाईल असं आधीच जाहीर कर आणि तो कागद चुकवू नकोस. त्यात तीनच रकाने, बजेटमध्ये किती धरले होते, आजपर्यंत किती गेले, आणि संपेपर्यंत अजून किती लागतील. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच कुणी भरत नाही, कारण तो भरायला खरं बोलावं लागतं. आर्टचा खर्च १० लाखांपैकी ९ लाख झालाय असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं छान, बजेटच्या आत आहे. पण वाड्याचा सेट अजून उभाच राहायचाय आणि त्याला ४ लागणार आहेत, म्हणजे ३ लाख वर जाणार, हे त्यांना आजच कळायला हवं, शेवटच्या दिवशी नाही.

रोखीसाठी एक ठरलेली रक्कम उचल, समजा ५० हजार, आणि व्हाउचर जमा केल्याशिवाय पुढचे ५० मिळणार नाहीत असा नियम स्वतःवर आणि सगळ्यांवर लाव. व्हाउचरवर तारीख, सीन नंबर, कशासाठी, घेणाऱ्याचं पूर्ण नाव आणि सही. ‘नाश्ता २४००’ एवढंच लिहिलेलं चालत नाही, किती माणसांचा, कुठल्या लोकेशनला, आणि टपरीवाल्या भाऊकडे बिलबुक नसेल तर साध्या कागदावर त्याची सही आणि मोबाइल नंबर. तर्री-पोह्याच्या ६० प्लेटा आणि युनिट ४५ जणांचं, असं निघालं की तिथल्या तिथे विचार, आठवड्याने कुणालाच आठवत नाही. एका माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिले तर तो खर्च आयकरात धरत नाहीत, म्हणून जनरेटर, गाड्या, कॅटरिंग बँकेतूनच. नट, कॅमेरामन, एडिटर यांच्या फीमधून १० टक्के टीडीएस, म्हणजे देतानाच कापायचा आयकर, कंत्राटदार एकटा माणूस असेल तर १ टक्का आणि फर्म-कंपनी असेल तर २, आणि तो पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भर. हातात पूर्ण फी हवी म्हणणारा नट भेटेलच, त्याला पहिल्या मीटिंगमध्येच सांग, क्लायमॅक्सच्या दिवशी नको. वर्षात ज्याला ५० हजारांच्या वर दिलेत अशांची यादी निर्मात्याला आयकर खात्याकडे द्यावी लागते, तीही आत्तापासूनच तयार करत जा.

प्रश्न : मराठी सिनेमाला सरकारी अनुदान मिळतं ना, ते धरून बजेट केलं तर?

उत्तर : नको. अनुदान सिनेमा पूर्ण होऊन सेन्सॉर झाल्यावर, गोरेगावच्या चित्रनगरीकडे अर्ज करून, समितीने बघून दर्जा दिल्यावर मिळतं. अ दर्जाला ४० लाख आणि ब ला ३० असे आकडे गेली कित्येक वर्षं लोकांच्या तोंडी आहेत, अर्ज करताना चालू जीआर वाचूनच जा. दर्जा नाही मिळाला तर काहीच नाही. आलंच तर ते गुंतवणूकदारांच्या मुद्दलात आधी जाणार की निर्मात्याकडे, हे मात्र आजच करारात लिही, भांडणं तिथेच होतात.

प्रश्न : ताई, शेतकऱ्यांवर सिनेमा करतोय. गावागावात जाऊन प्रत्येकी ५०० रुपये घ्यायचे, पूर्वी ‘मंथन’ असाच झाला होता ना? — हिंगणा रोड

उत्तर : झाला होता, १९७६ साली, गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी २-२ रुपये दिले होते. पण त्यांच्या मागे त्यांचा सहकारी दूध महासंघ उभा होता, नावं नोंदलेले सभासद होते, पैसे गोळा करायची यंत्रणा गावोगाव आधीच होती. तू एकटा ५०० ची पावती फाडत फिरणार. घेऊ शकतोस, पण मदत म्हणून, बदल्यात तिकीट, पोस्टर, श्रेयनामावलीत नाव एवढंच. नफ्यात वाटा देतो असा शब्द तोंडातून निघाला की वर पहिल्या उत्तरात जे लिहिलंय ते सगळं लागू. आपल्याकडे लोकांकडून शेअरच्या बदल्यात असे थोडे थोडे पैसे गोळा करायला परवानगी नाही, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०१४ मध्ये त्यावर चर्चेचा मसुदा काढला होता, बात पुढे गेली नाही.

प्रश्न : सगळ्यात जास्त पैसे देणाऱ्या काकांना पोस्टरवर ‘निर्माता’ म्हणून नाव हवंय, आणि त्यांच्या मुलीला हिरोइनच्या मैत्रिणीचा रोल. नाही म्हटलं तर पैसे जातील. काय करू?

उत्तर : रोलचं सोपं आहे, ऑडिशन घे आणि दिग्दर्शकाने ठरवायचं, आणि कलाकार-एडिटिंग यातला शेवटचा शब्द कुणाचा हे करारात एका ओळीत लिही. पोरगी चांगली निघाली तर घे की, त्यात काय.

नावाचं जपून. कायद्यात निर्माताच सिनेमाच्या कॉपीराइटचा पहिला मालक असतो, म्हणून तो शब्द हौसेखातर वाटायचा नाही. सहनिर्माता दे, प्रस्तुतकर्ता दे, आणि खाली लिही की हे श्रेय आहे, यातून मालकी येत नाही, मालक एलएलपीच. नाव पोस्टरवर कितव्या ओळीत, किती मोठं, ट्रेलरमध्ये येणार का नाही, तेही लिही. हे वाचून काका रुसले तर पुढच्या पाच वर्षांत ते कसे वागतील याचा अंदाज तुला पैसे घ्यायच्या आधीच आला.